व्हिसावर परदेशी नोकरी: ग्रॅच्युइटी, पेन्शन, विमा आणि सुट्ट्यांबद्दल नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातातल्या कंपन्यांमध्ये पगारपत्रकं करण्यात माझी अकरा वर्षं गेली. नाशिकला परतल्यावर शेजारच्या मुलाचं ऑफर लेटर वाचून दिलं, त्याने मित्राला सांगितलं, आणि आता रविवारी सकाळी कॉलेज रोडच्या आमच्या घरी दोन-तीन जण फायली घेऊन बसलेले असतातच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले फिटर आणि सीएनसी ऑपरेटर, नर्सिंग झालेल्या मुली, आयटीतली पोरं, आणि ज्यांची मुलं आधीच गेली आहेत असे इंदिरानगरचे आई-बाबा. पगार किती, हे सगळ्यांना पाठ असतं. पगाराशिवाय काय मिळणार, हे बहुतेकांनी विचारलेलंच नसतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, तिकडे पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिकल हे सगळं आपल्यासारखंच असतं का?

नाही, आणि दोन देशांतही ते सारखं नसतं. समजायला सोपं जावं म्हणून मी त्याचे तीन गठ्ठे करते. पहिला गठ्ठा कायद्याने प्रत्येक कामगाराला मिळणाऱ्या गोष्टींचा: वेळेवर पगार, भरपगारी सुट्टी, आजारपणाची रजा. यात तुम्ही नागरिक आहात की व्हिसावर आलात याने सहसा फरक पडत नाही. दुसरा गठ्ठा सरकारी पेन्शन, बेकारी भत्ता, मुलांचा भत्ता यांचा. खरा फरक इथे पडतो. काही देश परदेशी माणसाला यातून बाहेरच ठेवतात, काही देश पैसे कापून घेतात पण लाभ मिळायला अनेक वर्षांची अट घालतात. तिसरा गठ्ठा कंपनी स्वतःहून देते त्याचा: वर्षाचं विमानाचं तिकीट, घरभाडं, मुलांची फी, चांगला विमा. तो करारात लिहिलेला असेल तरच तुमचा.

२. व्हिसावर असलं की कंपनी आपल्याला कमी सुविधा देऊ शकते का?

नोकरीच्या सुविधांमध्ये बहुतेक ठिकाणी तसं करता येत नाही. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला त्याच कामावरच्या अमेरिकी सहकाऱ्याला ज्या अटींवर विमा, रजा, बोनस आणि रिटायरमेंट योजना मिळते, त्याच अटींवर द्यावी लागते. प्रोजेक्ट नाही म्हणून बसवून ठेवलं तरी पगार चालू ठेवावा लागतो. ‘तू एच-१बीवर आहेस, सध्या बेंचवर बिनपगारी राहा’ असं कोणी सांगितलं तर ते बेकायदेशीर आहे.

सरकारी मदतीचं मात्र वेगळं आहे. ब्रिटनच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीतून मदत नाही’ अशी अट असते. ती वाचून लोक घाबरतात आणि हक्काचंही मागत नाहीत. ही अट घरभाड्याची मदत, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) अशा गोष्टींसाठी आहे. आजारपणाचा वैधानिक पगार, बाळंतपणाचा वैधानिक पगार आणि तुमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या नॅशनल इन्शुरन्सवर उभं राहणारं सरकारी पेन्शन तिच्यात येत नाही.

३. एजंट व्हिसाचे आणि ‘सर्व्हिस’चे पैसे मागतोय. हे आपणच भरायचे असतात का?

भारतात नोंदणीकृत भरती एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. एजंटकडे बसण्याआधी तपासा, बयाणा दिल्यावर नव्हे.

व्हिसा आणि भरतीचा खर्च यूएईत कायद्याने मालकाचा आहे. तो पगारातून हप्त्याने कापणंही चालत नाही. अमेरिकेत एच-१बी अर्जाचा खर्च आणि त्यासाठीच्या वकिलाची फी कंपनीचीच. ब्रिटनमध्ये परदेशी माणूस आणण्यासाठीचा इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा सरकारी आकार कंपनीला कामगारावर ढकलता येत नाही.

पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का असेल, म्हणजे बहुधा दहावी झालेली नसेल, तर आखातासारख्या देशांत जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण. या विम्याचा कागद घरी आईकडे किंवा बायकोकडे ठेवून जा. परदेशात बॅगेत राहिला तर गरज पडेल त्या दिवशी तो कोणालाच सापडत नाही.

४. ऑफर लेटरमध्ये सगळ्यात आधी काय बघायचं?

आखातात जाणार असाल तर ‘बेसिक’, म्हणजे भत्ते वगळून मूळ पगार. एकूण पगार नंतर.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या नोकरीच्या करारात एकूण आकडा मोठा होता आणि बेसिक त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. उरलेला पगार घरभाडं, प्रवास आणि ‘इतर भत्ता’ अशा नावांनी होता. दर महिन्याला पूर्ण पैसे हातात येत होते, म्हणून मला ते कधी खटकलंच नाही. सोडताना ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला तो माझ्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. अकाउंट्समधल्या बाईंनी करार माझ्यासमोर उघडून बेसिकच्या ओळीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली. खाली सही माझीच होती. कंपनीने हिशोबात चूक केली नव्हती. पण पगाराचे तुकडे असे पाडायचे की पाच-सात वर्षांनी कामगाराला कमी द्यावं लागेल, हे आधी ठरवूनच केलेलं होतं, आणि त्याचा मला आजही राग आहे.

म्हणून बेसिकवर बोला, आणि सहीच्या आधी बोला. एकूण पगार वाढवत नसतील तर ‘आहे त्याच पगारात बेसिक वाढवा’ असं म्हणा. पुष्कळदा हे मान्य होतं, कारण कंपनीला त्या महिन्यात जादा काहीच द्यावं लागत नाही.

बेसिकनंतर बघा: प्रोबेशन किती (यूएईत सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही), वर्षाची रजा किती, तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, विम्यात बायको-मुलं येतात का, आणि नोटीस पिरियड किती.

५. दुबईत ग्रॅच्युइटी नक्की कशी मोजतात?

यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू. सलग एक वर्ष काम झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क सुरू होतो. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यानंतरच्या दर वर्षाला ३० दिवसांचं. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. बिनपगारी रजेचे दिवस सेवेत धरत नाहीत.

दोन माणसं घ्या. दोघांचा पगार ६,००० दिरहम, दोघांची नोकरी सात वर्षं. पहिल्याचं बेसिक ३,६००, म्हणजे दिवसाला १२०. पाच वर्षांचे १२,६०० आणि पुढच्या दोन वर्षांचे ७,२००, मिळून १९,८०० दिरहम. दुसऱ्याचं बेसिक १,२००, म्हणजे दिवसाला ४०. त्याचे ४,२०० आणि २,४००, मिळून ६,६००. काम तेच, वर्षं तीच, आणि फरक १३,२०० दिरहमचा.

जुन्या कायद्यात राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी कापली जायची. आता तसं नाही. ‘स्वतः सोडलंस म्हणून अर्धीच’ असं अजूनही काही ठिकाणी सांगतात, ते ऐकून घेऊ नका. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे मिळायला हवेत.

दुबईच्या डीआयएफसी या आर्थिक क्षेत्रात वेगळी पद्धत आहे. तिथे २०२० पासून कंपनी दर महिन्याला तुमच्या नावाने गुंतवणूक योजनेत रक्कम भरते.

६. सौदी, कतार, बहारीनमध्येही हाच नियम आहे का?

तत्त्व सारखं, हिशोब वेगळा. सौदीत पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दर वर्षाला एक महिन्याचा. पण तिथे राजीनाम्याची कात्री आहे: दोन वर्षांच्या आत सोडलं तर काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक-तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन-तृतीयांश, दहानंतर पूर्ण. चार वर्षं अकरा महिन्यांवर राजीनामा देणारे लोक मी पाहिले आहेत. एक महिना थांबले असते तर हिस्सा दुप्पट झाला असता.

कतारमध्ये दर वर्षाला किमान तीन आठवड्यांचं बेसिक. बहारीनमध्ये मार्च २०२४ पासून कंपनी ही रक्कम दर महिन्याला सरकारी सामाजिक विमा संस्थेकडे भरते, पहिल्या तीन वर्षांत पगाराच्या ४.२ टक्के आणि नंतर ८.४ टक्के. कंपनी बुडाली तरी आधी भरलेले पैसे सुरक्षित राहतात, हा मोठाच फायदा.

सरकारी पेन्शन मात्र यांपैकी कुठल्याच देशात आपल्याला नाही. ते तिथल्या नागरिकांसाठी आहे. ग्रॅच्युइटी हीच तुमची म्हातारपणाची पुंजी समजा आणि बाजूला स्वतःची बचत सुरू ठेवा.

७. यूएईत आजारी पडलो किंवा बायकोचं बाळंतपण आलं तर?

वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा: पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, शेवटचे ४५ बिनपगारी. प्रोबेशनमध्ये आजारपणाचा पगार मिळत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची ६० दिवसांची रजा, त्यातली ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी. भारतातल्या २६ आठवड्यांच्या मानाने ही फार कमी आहे, तेव्हा आई किंवा सासूबाईंचा व्हिजिट व्हिसा वेळेवर करून ठेवा.

कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो. कुटुंबाचा विमा मालकाने काढलाच पाहिजे असं सगळीकडे नाही. ऑफर लेटरमध्ये ‘मेडिकल इन्शुरन्स’ एवढंच लिहिलं असेल तर तो फक्त तुमचा आहे असं धरून चाला.

८. दुबईत अचानक काढून टाकलं तर काही भत्ता मिळतो का?

मिळतो. १ जानेवारी २०२३ पासून तिथे नोकरी गमावण्याचा विमा सक्तीचा आहे आणि तो परदेशी माणसालाही लागू आहे. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर हप्ता महिन्याला ५ दिरहम, त्यावर असेल तर १० दिरहम. सलग बारा महिने हप्ते भरलेले असले तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. राजीनामा दिला किंवा शिस्तभंगासाठी काढलं तर मिळत नाही. हप्ता स्वतः भरायचा असतो आणि बरेच जण ते विसरतात.

९. मुलाच्या अमेरिकेतल्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापतात. परत आल्यावर ते पैसे मिळतात का?

हा इंदिरानगर-गंगापूर रोडकडून येणारा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. उत्तर कडू आहे: परतावा म्हणून मिळत नाहीत.

पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठी) आणि १.४५ टक्के मेडिकेअर (म्हातारपणच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी) कापलं जातं, कंपनीही तेवढंच भरते. वर्षाला एक लाख डॉलर पगार असेल तर मुलाचे स्वतःचे ७,६५० डॉलर जातात. पेन्शनचा हक्क मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. आणि एच-१बीची साधारण कमाल मुदत सहा वर्षं. ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला तरच मुदतवाढ मिळते. सहा वर्षांनी परतलेल्या माणसाची २४ क्रेडिट होतात आणि तेवढ्यावर पेन्शन मिळत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे इथली पीएफची वर्षं त्यात जोडताही येत नाहीत. भारत सरकारने हा विषय अनेक वर्षं लावून धरला आहे.

यावरून दोन सल्ले देते. नववं वर्ष चालू असेल आणि परतायचा विचार असेल तर आधी सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून क्रेडिट मोजा. थोडंच उरलं असेल तर ते पूर्ण करून या.

दुसरा सल्ला विद्यार्थ्यांसाठी. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी कराच्या दृष्टीने अनिवासी असेपर्यंत, म्हणजे साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं, त्याच्या पगारातून हे दोन्ही कापायचे नसतात. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करतानाही नाही. छोट्या कंपन्यांना हे ठाऊक नसतं आणि त्या कापतात. आधी कंपनीकडे परत मागा. त्यांनी दिले नाहीत तर अमेरिकी कर खात्याकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून मागता येतात. पहिल्याच महिन्याची सॅलरी स्लिप उघडून बघायला सांगा.

१०. मग ४०१-के पण बुडतं का?

नाही. ४०१-के म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्ती बचत खातं, ते तुमचंच आहे. व्हिसावरचा माणूस त्यात भाग घेऊ शकतो आणि देश सोडला तरी खातं राहतं. साडेएकोणसाठ वर्षांआधी काढलं तर आयकराशिवाय १० टक्के दंड. कंपनीने घातलेल्या हिश्श्यावर तुमचा पूर्ण हक्क कधी होतो, हे योजनेच्या कागदात बघा. दोन महिन्यांसाठी तो हिस्सा सोडून येऊ नका.

खातं तिथेच ठेवून परतलात तर दरवर्षीच्या वाढीवर भारतात कर लागेल का, हा पुढचा प्रश्न येतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या अशा निवृत्ती खात्यांसाठी भारताच्या आयकर कायद्यात सोय आहे: पैसे काढाल त्या वर्षी कर, दरवर्षी नाही. १९६१ च्या कायद्यात ते कलम ८९अ होतं आणि त्यासाठी फॉर्म १०ईई भरावा लागे. परतल्यावर पहिल्याच रिटर्नच्या वेळी सीएला हे आठवण करून द्या.

११. एच-१बीवर नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं, आणि विमा, बेकारी भत्ता?

नोकरी संपल्यापासून ६० दिवस किंवा राहण्याच्या परवानगीची मुदत, यांतलं जे आधी येईल ते. तेवढ्यात नवी कंपनी, दुसरा व्हिसा किंवा परतीचा प्रवास. मुदत संपण्याआधी कंपनीने काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो, पण फक्त कर्मचाऱ्याचा, कुटुंबाचा नाही. हे मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

वीस किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत ‘कोब्रा’ नियमाखाली जुना आरोग्य विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, मात्र पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के स्वतः भरून. ती रक्कम बघून धडकी भरते, तरी घरात लहान मूल असेल तर त्या दोन महिन्यांपुरता विमा सोडू नका. बेकारी भत्ता राज्यांच्या हातात आहे. त्यासाठी माणूस ताबडतोब काम करायला कायदेशीरपणे मोकळा असावा लागतो आणि एच-१बी एकाच मालकाशी बांधलेला असल्याने तो बहुधा मिळत नाही.

१२. जर्मनीत पेन्शनचे पैसे कापतात. ते तरी परत मिळतात का?

मिळू शकतात, पण मागण्याआधी विचार करा.

पेन्शन विम्याचा हप्ता पगाराच्या १८.६ टक्के असतो, अर्धा तुमचा, अर्धा कंपनीचा. महिन्याला ४,००० युरो पगारावर तुमचे ३७२ युरो. चार वर्षांत १७,८५६ युरो होतात. एकूण हप्ते ६० महिन्यांपेक्षा कमी असतील आणि तुम्ही युरोपीय संघाबाहेर राहायला गेलात, तर २४ महिन्यांनंतर परतावा मागता येतो. मिळतो तो फक्त तुमचा हिस्सा, कंपनीचा नाही. अर्जाचा फॉर्म व्ही०९०१, तो भारतात बसून पाठवता येतो.

परतावा घेतला की जर्मन पेन्शनचा सगळा हक्क संपतो. न घेता ठेवलं तर दुसरी वाट आहे. भारत-जर्मनीचा सर्वंकष सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. जर्मन पेन्शनला पाच वर्षं लागतात, आणि ती भरून काढायला भारतातली विमाकाळाची वर्षं मोजता येतात. चार वर्षं तिकडे आणि दहा वर्षं अंबडच्या कंपनीत पीएफ-पेन्शनसह काढली असतील, तर म्हातारपणी जर्मनीकडून त्या चार वर्षांचं छोटं पेन्शन मिळू शकतं. तिशीतल्या मुलाला घरासाठी पैसे हवे असतील तर परतावा घ्यावा. पुन्हा युरोपात जायची शक्यता असेल तर मी हात लावू देत नाही.

बेकारी विम्याच्या बाबतीत जर्मनी उदार आहे. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरले असतील तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. मात्र नोकरी गेल्याचं परदेशी नागरिक कार्यालयालाही कळवावं लागतं. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांनंतर हा हक्क सुरू होतो.

१३. मला माझी इथलीच कंपनी दोन वर्षांसाठी पाठवतेय. तरी तिकडे सगळं कापणार?

देशावर अवलंबून. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, स्वीडन, जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा सुमारे वीस देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिथे जाताना ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाकडून, ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घेतलं, तर ठरलेल्या मुदतीत (जर्मनीसाठी ४८ महिने) तिकडे पेन्शनचा हप्ता भरावा लागत नाही आणि इथला पीएफ चालू राहतो. अर्ज कंपनीमार्फत ऑनलाइन होतो. निघण्याआधी करा, कारण तिकडच्या पहिल्या पगारातून पैसे कापले गेल्यावर ते सोडवणं फार जिकिरीचं होतं.

अमेरिका, सिंगापूर आणि आखात या यादीत नाहीत. आणि लक्षात ठेवा, हे फक्त इथल्या कंपनीच्या पगारपत्रकावर राहून जाणाऱ्यांसाठी. तिकडच्या कंपनीत थेट नोकरी घेतली तर प्रश्न ९ ते १५ तुमच्यासाठी.

१४. मुलगी नर्स म्हणून ब्रिटनला चाललीय. आरोग्य अधिभार भरूनही पगारातून नॅशनल इन्शुरन्स का?

दोन्ही वेगळे. स्किल्ड वर्कर व्हिसावर प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो, मुलांना ७७६. नर्सचा व्हिसा हेल्थ अँड केअर वर्कर प्रकारातला असेल तर तिला आणि तिच्या कुटुंबाला हा अधिभार माफ आहे. म्हणून व्हिसाचा प्रकार नीट बघा. फसून चुकीचे पैसे भरलेले दोन अर्ज मी स्वतः पाहिले आहेत.

नॅशनल इन्शुरन्समधून सरकारी पेन्शन उभं राहतं: किमान दहा वर्षं, पूर्ण पेन्शनला ३५. ते भारतात राहूनही घेता येतं, पण सुरुवातीच्या रकमेवरच गोठतं, दरवर्षी वाढत नाही. याशिवाय कंपनीची पेन्शन योजना आपोआप सुरू होते, किमान ८ टक्के, त्यातले किमान ३ टक्के मालकाचे. ‘परत येणारच आहे’ म्हणून मुली त्यातून बाहेर पडतात आणि मालकाचे ३ टक्के हातचे घालवतात. पैसे ५५ वर्षांपर्यंत अडकतात हे खरं, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७ पर्यंत. तरीही ते तिचेच.

१५. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूरचं थोडक्यात सांगाल?

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ पासून मालक पगारावर १२ टक्के सुपरअॅन्युएशन, म्हणजे निवृत्तीची बचत, भरतो. तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस देश सोडून गेल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते काढू शकतो, त्यातून साधारण ३५ टक्के कर जातो.

जपानमध्ये किमान सहा महिने पेन्शनचा हप्ता भरला असेल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हप्त्यांचा. इथेही प्रश्न १२ सारखंच: परतावा घेतला की ती वर्षं करारात मोजता येत नाहीत.

सिंगापूरमध्ये सीपीएफ, म्हणजे तिथला पीएफ, फक्त नागरिक आणि कायमच्या रहिवाशांना. एम्प्लॉयमेंट पास या परदेशी माणसाच्या नोकरीच्या परवान्यावर काहीच जमा होत नाही, आणि हातात येणारा पगार जास्त दिसतो तो त्यामुळेही. नोकरी सोडताना कंपनी कराचा निपटारा होईपर्यंत शेवटचा पगार रोखून धरते. त्या महिन्याचं भाडं आधीच बाजूला ठेवा.

१६. बायकोला किंवा नवऱ्याला तिकडे काम करता येतं का?

अमेरिकेत एल-१वाल्यांच्या (कंपनीने तिकडच्या शाखेत बदली केलेल्यांच्या) जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना न काढता काम करता येतं. एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराला, म्हणजे एच-४वर, ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल तरच परवाना मिळतो. जर्मनीत ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या परवान्यावर असलेल्याच्या जोडीदाराला कुठलंही काम करता येतं आणि मुलांचा भत्ताही मिळतो. यूएईत कुटुंब आणायला पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, अशी अट आहे. जोडीदाराला नोकरी करायची तर वेगळा वर्क परमिट लागतो.

नाशिकमध्ये चांगली नोकरी करणाऱ्या किती मुली एच-४वर जाऊन वर्षानुवर्षं घरी बसल्या, हे मी जवळून पाहिलंय. दोघांचा मिळून विचार करा, एकाच्या पॅकेजवर नको.

१७. इथला सातपूरच्या कंपनीतला पीएफ काढू की ठेवू?

सलग पाच वर्षं झाली नसतील तर काढलेल्या पैशावर कर लागतो. झाली असतील तर सवाल पेन्शनचा. पीएफसोबत ईपीएस ही पेन्शन योजना असते आणि तिला दहा वर्षं लागतात. सात वर्षं झालीत आणि पुढे परतायचं असेल तर पेन्शनचा हिस्सा काढू नका, फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या. परतल्यावर नव्या नोकरीची वर्षं त्याला जोडली जातात. प्रश्न १२ मधल्या हिशोबातही ती वर्षं उपयोगी पडतात.

ठेवायचं ठरवलं तरी तीन कामं निघण्याआधी उरका. जुन्या कंपनीकडून यूएएनवर नोकरी सोडल्याची तारीख टाकून घ्या. आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते बघा. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. आमच्याकडे आलेला एक वेल्डर दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा त्याचा नंबर दुसऱ्याच कोणाला दिलेला होता. ओटीपी येईना, आणि महिन्याची रजा नंबर बदलण्यात गेली. अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करून घेणंही बंधनकारक आहे, आणि पीपीएफचं नवीन खातं उघडता येत नाही. जुनं मुदतीपर्यंत चालतं.

१८. देव न करो, पण तिकडे माणूस गेला तर घरच्यांना काय मिळतं?

यूएईत मालकाने देय रक्कम आणि ग्रॅच्युइटी वारसांना दहा दिवसांत द्यायची असते आणि कुटुंबाने मागितलं तर पार्थिव मायदेशी पाठवायचा खर्चही मालकाचा. मालक टाळाटाळ करत असेल तर भारतीय दूतावासाच्या सामुदायिक कल्याण निधीतून मदत होते, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर घरच्यांना नाशिकहूनच तक्रार नोंदवता येते. ईसीआर पासपोर्ट असेल तर प्रश्न ३ मधला विमा आठवा.

प्रत्येक खात्यावर नॉमिनी लावा, तिकडचं बँक खातं धरून. कंपनीचं नाव, कर्मचारी क्रमांक आणि तिथल्या एका मित्राचा नंबर घरातल्या वहीत लिहून ठेवा.

१९. सोडून येताना कुठले कागद घ्यायचे, आणि सही कशावर करायची नाही?

करार, सगळ्या सॅलरी स्लिपा, अनुभवाचं पत्र, कराचे वार्षिक कागद (अमेरिकेचा डब्ल्यू-२, ब्रिटनचा पी४५ आणि पी६०), पेन्शन विमा क्रमांक आणि फुल अँड फायनलचा हिशोब. जर्मनीचा पेन्शन क्रमांक तर पासपोर्टच्या प्रतीवरच लिहून ठेवा. दोन वर्षांनी परतावा मागताना तो पहिला लागतो.

यूएईत व्हिसा रद्द करताना एक कागद पुढे येतो. त्यावर ‘माझे सगळे देय पैसे मिळाले’ असं लिहिलेलं असतं. पैसे खात्यात आल्याशिवाय त्यावर सही करू नका. ‘सही कर, संध्याकाळी ट्रान्सफर होईल’ असं सांगतात, विमानाचं तिकीटही हातात असतं, आणि माणूस सही करून मोकळा होतो. काहीही झालं तरी बँकेचा मेसेज आधी येऊ द्या. मेसेज आला तरी शेवटचे सगळे पैसे जमा होऊन नाशिकच्या खात्यात पोहोचेपर्यंत तिकडचं खातं बंद करू नका.